बॉनेटवरची धूळ १२० च्या स्पीडला हलत नाही, मग वाळवंटातली उडते कशी?

शमालग्रस्त (धागाकर्ता)

मंडळी, कुवेतात राहून बरीच वर्षं झाली. जून-जुलैत इथे शमाल सुटला की काय होतं ते आखातातल्या लोकांना सांगायला नको. वायव्येकडून, म्हणजे इराकच्या अंगानं, कोरडा वारा सुटतो आणि दिवसच्या दिवस थांबत नाही, समोरची बिल्डिंग दिसेनाशी होते, खिडकीच्या फटीत ओले टॉवेल कोंबले तरी सकाळी ओट्यावरून बोट फिरवलं की रेघ उठते. ह्यात नवीन काही नाही, सवय झालीये.

पण परवापासून एक गोष्ट डोक्यात बसलीये ती जाईना. गाडी रात्रभर बाहेर उभी होती, बॉनेटवर धुळीचा थर. म्हटलं पुसत कोण बसतंय, हायवेला लागलो की उडेल. १२० नं चांगला अर्धा तास गेलो. उतरून बघतो तर वरची भुकटी गेली होती पण खालचा पातळ थर जसाच्या तसा, बोटानं घासला तेव्हा निघाला. आता १२० चा वारा म्हणजे चक्रीवादळ झालं की. शमाल ४०-५० चा असला तरी आम्ही जोरात आहे म्हणतो. मग हा ४०-५० वाला तिकडे जमिनीवरची धूळ उचलतो कशी आणि वर नेऊन इथे आणून टाकतो कशी? कोणी जरा इस्कटून सांगेल का? नेटवर वाचलं पण दोन ओळींनंतर समीकरणं सुरू होतात.

खडूस_आजोबा

बॉनेट कशाला, घरातला पंखा बघा. फुल स्पीडवर फिरतो आणि पात्यांवर काळी किनार साठतच जाते. सौ. म्हणतात स्टुलावर चढा. मी म्हणतो शास्त्रज्ञांना सोडवू दे आधी.

लोअरपरळ

वाचतेय. प्रश्न भारी आहे.

आडवावारा

वातावरणातल्या धुळीच्या मॉडेलिंगशी कामानिमित्त संबंध येतो म्हणून लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

शमालग्रस्त, तुमचं निरीक्षण एकदम बरोबर आहे आणि गंमत म्हणजे उत्तर त्यातच आहे. वारा बारीक धूळ थेट उचलत नाहीच. म्हणजे अगदी थोडी उचलतो, पण जी वादळं तुम्ही बघता ती त्यानं होत नाहीत.

कारणं दोन. एक, कुठल्याही पृष्ठभागाला लागून हवेचा एक अगदी पातळ थर असतो, मिलिमीटरचा काही भाग, त्यात वारा जवळजवळ नसतोच. पाच-दहा मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण त्या थरात अख्खा बुडालेला असतो, वरून १२० नं वारा जातोय ह्याचा त्याला पत्ताही नसतो. दोन, चिकटपणा. कण लहान होत गेला की त्याचं वजन व्यासाच्या घनानं कमी होतं, पण शेजारच्या कणाला किंवा पत्र्याला चिकटून राहण्याचं बळ साधारण व्यासाच्याच प्रमाणात कमी होतं. म्हणजे व्यास दहावा हिस्सा केलात तर वजन हजारावा हिस्सा आणि चिकटपणा मात्र दहावाच. दहा मायक्रॉनच्या कणाला त्याच्या वजनाच्या कितीतरी पट जोरानं धरून ठेवलेलं असतं. मातीत हे कण सुटे नसतातच, गुठळ्या करून किंवा वाळूच्या मोठ्या कणावर लेप देऊन बसलेले असतात.

उलट फार मोठा कण जडपणामुळे हलत नाही. मधे एक सोयीचा आकार आहे, साधारण ७५ ते १०० मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीच्या आसपास, बारीक वाळू. वारा सगळ्यात आधी हलवतो तो हा कण, धुळीचा नाही. कोरड्या, सपाट, उघड्या वाळूवर त्याला ताशी २०-२५ किमीचा वारासुद्धा पुरतो.

मग हा कण उडी मारतो. वर गेला की तिथे वारा जोरात असतो, तो ह्याला पुढे रेटतो, आणि खाली येताना कण जमिनीला फार तिरका, दहा-पंधरा अंशात, पण चांगल्या वेगात आपटतो. कॅरममध्ये स्ट्रायकर फोडतो तसं. आपटला की आणखी चार वाळूचे कण उडतात, गुठळ्या फुटतात, लेप खरवडला जातो आणि त्यातून बारीक धूळ बाहेर पडते. ती एकदा सुटी होऊन त्या स्थिर थरातून वर फेकली गेली की मग वाऱ्याची. तुमच्या बॉनेटवर हे आपटणारे वाळूचे कण नाहीत, आजोबांच्या पंख्यावरही नाहीत, म्हणून धूळ जागची हलत नाही.

खडूस_आजोबा

म्हणजे पंख्यावर वाळू फेकायची. सौ.ना कळवतो.

मरुस्थळी_मराठी

@आडवावारा, वा! आम्ही जैसलमेरच्या बाजूला राहतो, नवरा सोलर प्लांटवर आहे. तुम्ही लिहिलंय ते रोज बघते पण असं कधी जोडलं नव्हतं. इथल्या सम गावच्या वाळूच्या टेकड्यांवर वारा सुटला की पावलांशी वाळूच्या पट्ट्या सरपटत जाताना दिसतात, इतक्या जवळून की सँडलच्या पट्ट्याखाली भरते, पोटऱ्या झोंबतात, आणि त्याच वेळी मान वर करून बघितलं तर आकाश स्वच्छ निळं, चेहऱ्याला काहीच लागत नाही. म्हणजे वाळू गुडघ्याच्या वर फारशी जातच नाही. खाली बसून नीट बघितलं तर एकेक कण टप्पे घेताना दिसतो, टप्पा पडला की तिथून बारीक दोन-तीन उसळतात.

पण मग प्रश्न असा की टेकड्यांवर इतकी वाळू उडते तरी धूळ नाही, आणि गावाबाहेर जे सपाट मैदान आहे, खडे आणि पिवळट माती, तिथून एक पिकअप गेली की अर्धा तास धुरळा बसत नाही. असं का?

आडवावारा

कारण टेकड्यांमधली धूळ केव्हाच निघून गेलीये. हजारो वर्षं वारा त्यांना पाखडतोय, बारीक ते गेलं, वाळू राहिली. वाळवंट म्हटलं की टेकड्यांचे फोटो दाखवतात पण जगातली धूळ मुख्यतः तिथून येत नाही. ती येते सखल भागातून, जिथे कधीकाळी पाणी होतं आणि गाळ साठला: आटलेली सरोवरं, कोरड्या नद्यांची पात्रं, पुराची मैदानं. कुवेतला येणारी धूळ बरीचशी युफ्रेटिस-टायग्रिसच्या गाळाच्या मैदानातली, आणि तिथल्या दलदली १९९० च्या दशकात मुद्दाम कोरड्या केल्या गेल्या ते वेगळंच. इराण-अफगाण सीमेवरच्या सिस्तानात तर उन्हाळ्यात '१२० दिवसांचा वारा' म्हणूनच ओळखला जाणारा वारा असतो, तो हामूनच्या तळ्यांवरून जातो. पाणी असलं तर ठीक, तळी आटलेली असली की झाबोल शहराचे हाल.

पिकअपचं म्हणाल तर तुमच्या मैदानावर पापुद्रा असणार. पाऊस पडून वाळला की माती आणि क्षार मिळून वर पातळ कवच धरतं, काही ठिकाणी शेवाळ-जिवाणूंचं जिवंत कवच असतं, कुठे खड्यांची फरशी झालेली असते. ते शाबूत असेपर्यंत जोराच्या वाऱ्यातही माती दबून राहते. टायर, गुरांचे खूर, नांगर, काहीही गेलं की पापुद्रा फुटला. वरून शेजारच्या टेकडीची वाळू उड्या मारत आली की संपलंच, कारण एकीकडे हातोडा आणि दुसरीकडे फुटायला तयार माती, दोन्ही शेजारी शेजारी.

ह्याचं सगळ्यात टोकाचं उदाहरण आफ्रिकेतल्या चाड देशातला बोदेले हा सखल भाग. सहाराच्या दक्षिणेला एक प्रचंड सरोवर होतं, आजचं चाड सरोवर म्हणजे त्याचा उरलेला तुकडा. त्याच्या तळाला डायटम नावाच्या सूक्ष्म शैवालांच्या सांगाड्यांचा पांढरा थर आहे, वजनाला एकदम हलका. आणि वरच्या अंगाला तिबेस्ती आणि एन्नेदी असे दोन डोंगर, त्यांच्या मधल्या खिंडीतून हिवाळ्यात वारा कोंडून बाहेर पडतो तो थेट ह्या तळावर. २००५ मध्ये शास्त्रज्ञांनी तिथे तळ ठोकून मोजमापं घेतली. तिथे वाळूच्या कणांची वाट बघावीच लागत नाही, त्या पांढऱ्या थराच्या चकत्याच उड्या मारतात आणि आपटून आपलाच चुरा करून घेतात.

सोलापुरी_चादर

आमच्याकडं एप्रिल-मे मधी नांगरून टाकलेल्या रानात फुफाटा असतो घोट्याएवढा आणि दुपारी वावटळी उठतात, त्या पण ह्यातच आल्या का? आज्जी म्हणायची वावटळीत पाय टाकू नये. पालापाचोळा आणि कॅरीबॅगा गरगरत जातात पार वर.

आडवावारा

वावटळीत थोडा वेगळा मामला आहे. जमीन तापते, हवा गोल फिरत वर चढते आणि मध्यभागी दाब कमी होतो, त्यामुळे थेट वर ओढही बसते. पण वावटळी छोट्या आणि काही मिनिटांच्या. एकूण हिशेबात त्यांचा वाटा मोठ्या वाऱ्यांपुढे कमीच धरला जातो. नांगरलेल्या रानाचा मुद्दा मात्र महत्त्वाचा. १९३० च्या दशकात अमेरिकेच्या मध्य भागात गवताळ जमीन नांगरून गहू लावला, मग दुष्काळ पडला, १४ एप्रिल १९३५ चा रविवार तिथे 'काळा रविवार' म्हणूनच लक्षात आहे. ते वाळवंट नव्हतंच.

लोअरपरळ

मुंबईकरांना २३ जानेवारी २०२२ आठवतोय का? रविवार होता. सकाळपासून आकाश दुधाळ, सूर्य ट्यूबलाइट लागल्यासारखा, जानेवारी असून दिवसभर हवेत बोचरा गारवा आणि गाड्यांवर पांढरी पावडर. पाकिस्तानातून आली असं चॅनेलवर सांगत होते तेव्हा आमच्या ग्रुपवर लोक हसले होते. खरंच येते का तिथून? आणि १३ मे २०२४ चं, घाटकोपरला होर्डिंग पडलं त्या दिवशीचं धुळीचं वादळ पण तेच का?

आडवावारा

दोन्ही पूर्ण वेगळी. २०२२ ची धूळ खरंच बाहेरची होती, पश्चिमी विक्षोभ (हिवाळ्यात पश्चिमेकडून सरकत येणारी वादळी हवा) सरकल्यावर त्याच्यामागे जोराचे थंड वारे सुटले, त्यांनी पाकिस्तान-अफगाणिस्तानच्या कोरड्या पट्ट्यातून धूळ उचलली, ती कराची, मग अरबी समुद्र, गुजरात किनारा करत मुंबईवर आली. सॅटेलाइटच्या फोटोत समुद्रावर पिवळसर पट्टा स्पष्ट दिसत होता. म्हणूनच गारवा आणि धूळ एकदम.

मे २०२४ ची धूळ इथलीच. गडगडाटी ढगातून पावसाबरोबर थंड जड हवा खाली आदळते आणि जमिनीवर चहूबाजूंनी पसरते, तिच्या पुढच्या कडेला रस्ते, बांधकामं, मोकळी मैदानं इथली माती उठते. सुदानमध्ये ह्याच प्रकाराला हबूब म्हणतात, तिथे ती धुळीची भिंतच्या भिंत चालून येते. ५ जुलै २०११ ला अमेरिकेत फीनिक्सवर अशीच आली होती. अशी वादळं तास-दोन तासांत ओसरतात, शमाल किंवा २०२२ सारखं प्रकरण दिवसाच्या हिशेबात चालतं.

शमालग्रस्त

सगळ्यांचे आभार, आता बरंच डोक्यात शिरलं. अजून दोन शंका. इथे पहाटे हवा बऱ्यापैकी स्वच्छ असते आणि सकाळी नऊ-दहा वाजता अचानक कोणीतरी बटण दाबल्यासारखी धूळ सुरू होते, हे का? आणि गुडघ्याएवढी वाळू उडते तर धूळ किलोमीटरभर वर कशी जाते?

आडवावारा

दोन्हीचं उत्तर एकच, ऊन. रात्री जमीन थंड होते, जमिनीजवळची हवा थंड आणि जड होऊन बसते, वरच्या वाऱ्याशी तिचा संबंध तुटतो. खाली शांत, पण काहीशे मीटर वर वारा, खालचं घर्षण सुटल्यामुळे, उलट जास्तच सुसाट पळतो. सूर्य वर आला, जमीन तापली, हवा उकळू लागली की तो वरचा जोर खाली उतरतो आणि जमिनीवर एकदम झोत येतो. बोदेलेतही हेच, सकाळीच जोर. आणि जी उकळणारी हवा वरचा वारा खाली आणते तीच सुटी झालेली धूळ वर नेते. सहारात उन्हाळ्याच्या दुपारी हा ढवळलेला थर पाच-सहा किमी उंचीपर्यंत जातो.

वर गेल्यावर कोण किती टिकतं ते आकारावर. दहा मायक्रॉनचा कण स्थिर हवेत सेकंदाला एक सेंटिमीटरपेक्षाही कमी उतरतो, म्हणजे तीन किमीवरून खाली यायला चार-एक दिवस. एक मायक्रॉनचा त्याच्याही शंभरपट हळू, तो पावसानं धुतला गेला तरच खाली. वाळूचा शंभर मायक्रॉनचा कण सेकंदाला अर्ध्या मीटरच्या आसपास, म्हणून तो गुडघ्यावरच.

आणि वाऱ्याचा जोर किती फरक करतो ते बघा. बॅगनोल्ड नावाचा ब्रिटिश लष्करी इंजिनियर होता, लिबिया-इजिप्तच्या वाळवंटात फोर्ड गाड्या घालून भटकायचा, मग लंडनला येऊन वाऱ्याच्या बोगद्यात वाळूवर प्रयोग केले आणि १९४१ मध्ये पुस्तक काढलं, आजही ह्या विषयाची सुरुवात तिथूनच होते. त्याचा निष्कर्ष: उडणारी वाळू वेगाच्या घनाच्या प्रमाणात. वारा दुप्पट, वाळू आठपट. म्हणून वर्षाची बरीचशी धूळ मोजक्या वादळी दिवसांत निघते, वर्षाचा सरासरी वारा बघून काही कळत नाही. आणखी एक, एकदा उड्या सुरू झाल्या की वारा थोडा पडला तरी त्या चालू राहतात, कारण आता कण कणाला उडवतोय. तुमचा शमाल मंदावला तरी धूळ लगेच थांबत नाही ह्यात ह्याचाही थोडा हात असणार.

खडूस_आजोबा

ते सहाराची धूळ ॲमेझॉनच्या जंगलाला खत घालते वगैरे फॉरवर्ड येतात तेही खरे समजायचे का? मला तरी व्हॉट्सॲप विद्यापीठ वाटतं.

आडवावारा

हे खरं आहे आजोबा. २००७ ते २०१३ च्या सॅटेलाइट मोजमापांवरून काढलेला अंदाज आहे, वर्षाला सरासरी १८.२ कोटी टन धूळ आफ्रिकेचा किनारा सोडते, त्यातली २.७७ कोटी टन ॲमेझॉनच्या खोऱ्यात पडते. तिच्यातून साधारण २२ हजार टन फॉस्फरस, म्हणजे झाडांना लागणारं खत, जातो, आणि पावसानं-पुरानं तिथल्या जमिनीतून जो वाहून जातो तोही जवळपास तेवढाच. त्यात बोदेलेचा वाटा किती ह्यावर मात्र वाद आहे, काही जण म्हणतात पश्चिम सहाराचा जास्त. फॉरवर्डमध्ये बोदेलेचं नाव छातीठोक येतं तिथे थोडं सबुरीनं घ्या.

तसं हे लोकांना नवीन नाही. जानेवारी १८३२ मध्ये डार्विनचं बीगल जहाज आफ्रिकेच्या पश्चिमेला केप व्हर्ड बेटांवर होतं तेव्हा डोलकाठीवरच्या वाऱ्याच्या दिशादर्शकाच्या जाळीत अडकलेली तपकिरी धूळ जपून ठेवली गेली होती, ती नंतर बर्लिनच्या एरेनबर्ग नावाच्या शास्त्रज्ञानं सूक्ष्मदर्शकाखाली तपासली.

आपल्याशी संबंधित पण आहे. आयआयटी भुवनेश्वरच्या शास्त्रज्ञाचा सहभाग असलेला २०१४ चा एक अभ्यास म्हणतो की अरबी समुद्रावर आणि पश्चिम आशियावर धूळ वाढली की ती ऊन शोषून हवा तापवते, बाष्पाचा ओघ भारताकडे वाढतो आणि आठवड्याभरात मध्य भारतात पाऊस वाढतो. म्हणजे शमालग्रस्त यांच्या ओट्यावरची रेघ आणि आपला मान्सून ह्यांचं काहीतरी नातं आहे.

सोलापुरी_चादर

मग सोडा अजून थोडी इकडं. जूनला पाऊस लांबतोय.

फुकटफौजदार

मला हे पटत नाही की मोठे कण लांब जात नाहीत. सहाराचे मोठमोठे कण पार अटलांटिकच्या पलीकडे सापडलेत असं वाचलंय. मग तुमचा तो सेकंदाला अर्धा मीटर वाला हिशेब कुठे गेला?

आडवावारा

बरोबर वाचलंय. समुद्रात लावलेल्या सापळ्यांत आफ्रिकेपासून दोन-तीन हजार किमीवर ७५ मायक्रॉनहून मोठे कण सापडलेत. साध्या हिशेबानं ते केव्हाच पडायला हवे होते. पडत का नाहीत ह्याची उत्तरं चालू आहेत: वर-खाली ढवळणारी हवा, वादळी ढगांत पुन्हापुन्हा वर जाणं, कणांचे चपटे आकार, आणि विद्युतभार. शेवटचा प्रकार शमालग्रस्तांनी अनुभवला असेल, धुळीच्या वादळात गाडीच्या दाराला हात लावला की झटका बसतो. आपटाआपटीत लहान कण बहुधा ऋण आणि मोठे धन भारित होतात. ह्यापैकी नक्की काय किती, हे अजून ठरलेलं नाही.

शमालग्रस्त

झटका नेहमीचा आहे. बायको आधी दाराला चावी टेकवते.

उपाय काही आहे का ह्यावर? झाडं लावा असं सगळे म्हणतात पण धूळ तर किलोमीटरभर वर असते, झाड काय अडवणार.

मरुस्थळी_मराठी

हे मी सांगू शकते. जोधपूरला काझरी म्हणून केंद्रीय संस्था आहे, कोरड्या प्रदेशावर काम करणारी. त्यांनी वाळूच्या टेकड्या जागच्या जागी बांधून ठेवायची जी पद्धत बसवली ती आमच्या बाजूला बघायला मिळते. आधी झाडं लावतच नाहीत. खिंप, बोरडी, सिणिया अशा इथल्याच झुडपांच्या वाळक्या फांद्या वाऱ्याला आडव्या ओळींत किंवा चौकटी चौकटीनं वाळूत खोचतात, जेमतेम गुडघ्याएवढ्या. मला आधी हसू यायचं, ह्या काटक्यांनी वादळ थांबणार? पण आता हा धागा वाचून कळतंय की काटक्या धुळीसाठी नाहीतच, त्या वाळूच्या उड्यांसाठी आहेत. उडी मारून आलेला कण काटकीच्या आडोशाला पडतो, तिथे वारा नाही, दुसरी उडी मारता येत नाही. वाळू जागची हलली नाही की पलीकडच्या मैदानावर आपटायला कोणी जात नाही. मग पाऊस झाला की त्या चौकटींत सेवण गवत, इस्राएली बाभूळ वगैरे लावतात आणि गुरं लांब ठेवतात. गुरं लांब ठेवणं हेच सगळ्यात अवघड असं नवरा म्हणतो, बकऱ्यांना कुंपण कळत नाही.

लोअरपरळ

जबरदस्त धागा. वाचनखूण साठवली.

अवांतर: खिंप म्हणजे तीच का जिच्या शेंगांची राजस्थानात भाजी करतात? मारवाडी शेजारीण द्यायची.

मरुस्थळी_मराठी

हो तीच, खिंपोळी म्हणतात. शेंगा कोवळ्याच हव्यात, उकडून पाणी काढायचं आणि मग ताक घालून करायची. पाककृती वेगळ्या धाग्यात टाकते, इथे आडवावारा ताई ओरडतील.